बामसाहेबांचे शर्ट

कारखान्यात माल कसा निघालाय हे कळायला लॅबचा रिपोर्ट वाचावा लागत नसे. आमच्या लॅबच्या साहेबांचा शर्ट बघितला की पुरे. शर्ट एकसारखा निळा किंवा एकसारखा किरमिजी असला, तर बॅच पास. शर्टावर ढग उठलेले असले, पाठ गडद आणि पोट फिकं असलं, तर बॅच नापास, आणि त्या दिवशी लॅबमध्ये कोणी मोठ्याने हसायचं नाही.

साहेब बाजारातून पांढरे पॉलिएस्टरचे शर्ट आणत आणि प्रत्येक नव्या बॅचची परीक्षा त्यातल्या एकावर घेत. रंग नीट बसला तर तो शर्ट साधारण माणसाच्या शर्टासारखा कपाटात जाई. बसला नाही तर शनिवारपर्यंत रोज तोच अंगावर. रात्री धुवायचा, सकाळी पुन्हा घालायचा. "दोष फायलीत ठेवला की विसरतो," ते म्हणत. "अंगावर ठेवला की लोक विसरू देत नाहीत." परगावचे ग्राहक यायचे असले की ऑफिसातून आधी माणूस लॅबमध्ये येऊन शर्ट बघून जाई. शर्ट वाईट असला तर साहेबांना त्या दिवशी गोदामात मोजदादीला पाठवत. साहेबांना हे ठाऊक होतं. जाताना ते मुद्दाम ऑफिसच्या काचेसमोरून जात.

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतली ती एक लहानशी कंपनी. आम्ही रंग बनवत नव्हतो, रंगाला मदत करणारी रसायनं बनवत होतो. नोकरी लागल्यावर पेणला आमच्या शेजारच्या काकूंना मी हे समजावलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही वऱ्हाडी. नवरा दुसराच." याहून नेमकं वर्णन मी नंतर कुठल्या माहितीपत्रकातही वाचलं नाही.

सुती कापड रंगाच्या पाण्यात टाकलं की रंग पितं. पॉलिएस्टर पीत नाही. त्याचा धागा आतून इतका घट्ट असतो की उकळत्या पाण्यातसुद्धा रंग बाहेरच ताटकळतो. त्यावर दोन उपाय. एक, बंद यंत्रात प्रेशर देऊन पाणी उकळीच्याही वर तापवायचं. दुसरा, पाण्यात कॅरिअर नावाचं रसायन घालायचं. कॅरिअर धाग्याला जरा सैल करतं, रंग आत शिरतो, आणि काम झालं की कॅरिअरने तिथून निघून जायचं असतं.

"दार उघडून द्यायचं," साहेब म्हणत, "आणि आपण आत बसून राहायचं नाही. हे ज्या पाहुण्याला कळतं तो खरा पाहुणा."

साहेबांच्या कॅरिअरला दुखण्यावरच्या बामचा वास होता. तो वास कारखान्याला होता, आमच्या डब्यातल्या पोळ्यांना होता, आणि साहेबांना तर इतका होता की रोह्याच्या एसटी स्टँडवर ते रांगेत उभे राहिले की पुढचा माणूस मागे न बघता मान चोळायला लागे. गावात त्यांना बामसाहेब म्हणत. केटलवर, म्हणजे माल शिजवायच्या मोठ्या भांड्यावर, काम करणारे मामा कारखान्यातले सगळ्यात जुने कामगार. ते सांगत, "बाकीच्या कंपनीत गुडघं दुखलं की मानूस सुट्टी टाकतो. आमच्याकडं ड्युटीवर येतो."

साहेबांनी माझी मुलाखत घेतली ती अशी. मी पेणच्या इंग्रजी शाळेत शिकले, पुढे केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं. या सगळ्याचा परिणाम म्हणजे कोणी काही विचारलं की उत्तर आधी एका भाषेत यायचं, मग दुसऱ्या भाषेत, आणि तोवर विचारणारा पुढच्या विषयावर गेलेला असायचा. साहेबांनी माझी प्रमाणपत्रं उघडली नाहीत. "परवानगी आहे का?" म्हणून माझ्या ओढणीचं टोक उचललं, ते घेऊन उत्तरेच्या खिडकीपाशी गेले, त्यामुळे मलाही जावं लागलं, आणि उलटून बघत म्हणाले, "पॉलिएस्टर. काठाला फिका राहिलाय. तू बोलत का नाहीस?"

मी उत्तर शोधत होते.

"छान," ते म्हणाले. "तूही पॉलिएस्टर."

नोकरी लागली.

माणसांची त्यांनी अशी वाटणी केलेली होती. कारखान्याचे सुपरवायझर सुती: सांगाल ते लगेच पिणार आणि पहिल्या धुण्यात सोडणार. अकाउंटंट अ‍ॅक्रिलिक: बराच वेळ तापवा, काही होत नाही, मग एकदम सगळं गिळून लालभडक. शेठ नायलॉन. "नायलॉनला रंग चटकन लागतो," साहेब सांगत, "पण आत काय पट्टे आहेत ते सगळे वर उठतात." पॉलिएस्टरबद्दल मात्र त्यांना आदर होता. थंड पाण्याला दाद देत नाही, पण एकदा आत गेलेला रंग सहसा सोडत नाही. मी हे कौतुक समजायचं की तक्रार, ते माझं मला ठरवता आलं नाही. मी विचारलंही नाही, आणि त्यामुळे त्यांचं मत अधिकच पक्कं झालं.

रंग लागणं त्यांच्या लेखी मोठी गोष्ट नव्हती. सारखा लागणं ही मोठी गोष्ट. चहा ते आधी उजवीकडून ढवळत, मग तितकाच डावीकडून, कारण रंगाई यंत्रातही पाणी दोन्ही दिशांनी फिरवतात. कॅन्टीनच्या आमटीत हळद एका बाजूला दिसली तर वाटी परत जाई. लग्नांना त्यांना बोलवायचं की नाही, यावर रोह्यात दोन मतं होती. अकाउंटंटच्या मुलीच्या लग्नात, नागोठण्याला, आम्ही सगळे स्टेजवर शुभेच्छा द्यायला चढलो. साहेबांनी नवऱ्या मुलाचा हात हातात घेतला आणि सोडला नाही. मनगट वळवून कोटाची बाही दिव्याखाली धरली, मग त्याला खांद्याला धरून जरा फिरवलं आणि पाठ बघितली.

"बाही आणि पाठ एका लॉटची नाही," ते म्हणाले.

मुलीची आई पाकीट हातात धरून तशीच उभी राहिली. नवरा मुलगा बिचारा सरळ होता. त्याने विचारलं, "मग आता काय करायचं?"

"आता काही नाही," साहेब म्हणाले. "आता लग्न झालंय."

साहेबांचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. मामांचं म्हणणं, दोन्ही बाजू एका लॉटच्या मिळाल्या नसणार.

थोरले शेठ होते तोवर या माणसाला कारखान्यात जागा होती. ती केटल साहेबांनी तरुणपणी इथे उभी केली होती, त्यातल्या मालाचं सूत्र त्यांचं होतं, आणि एके काळी भिवंडी, मालेगावकडे तो माल जायचा. मग थोरले शेठ गेले आणि धाकटे शेठ व्यवस्थापन शिकून आले. त्यांनी आल्याबरोबर गेटवर 'हरित रसायन, हरित भविष्य' असा फलक लावला. सगळ्यांनी एकमेकांना नावाने हाक मारायची असा नियम काढला. तो त्यांनी एकट्यानेच पाळला. दर सोमवारी ते आम्हाला गोल उभं करून विचारत, "आज आपण कशासाठी उत्साही आहोत?" मामा दर सोमवारी सांगत, "पाच वाजायसाठी."

धाकट्या शेठांच्या मनात कापडाला वास देणारं रसायन काढायचं होतं. मोगऱ्याचा वास, लिंबाचा वास, नव्या गाडीचा वास. त्यासाठी त्यांना केटल हवी होती आणि ती एकच होती.

"साहेब, कॅरिअरचं मार्केट कुठे आहे?" एका सोमवारी त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. "सगळ्यांकडे प्रेशरची मशीनं आली. वास येतो, सांडपाण्याचा त्रास आहे. जग पुढे गेलं."

यातलं सगळं खरं होतं आणि साहेबांना ते शेठांच्या आधीपासून माहीत होतं. ते एवढंच म्हणाले, "ज्यांच्याकडे मशीन नाही, ते उघड्या भांड्यातच रंगवतात."

"कोण आहेत ते? आणा एक तरी पार्टी. गणपतीपर्यंत वेळ देतो. नाहीतर गणपतीनंतर केटल घासून वासाला द्यायची."

त्यानंतर साहेब रोज एकच शर्ट घालून येऊ लागले. गडद निळा, अगदी सारखा रंगलेला. मी तो आधी कधी पाहिला नव्हता. मामा म्हणाले, तो केटलच्या पहिल्या पास झालेल्या बॅचचा. कॉलर विरली होती, रंग हलला नव्हता. दुपारच्या चहाला साहेब ढवळत बसत आणि प्यायचं विसरून जात. उजवीकडून, डावीकडून, पुन्हा उजवीकडून. ते बघवेना म्हणून असेल, मी तोंड उघडलं.

"पेणजवळ हमरापूरला गणपतीच्या मूर्तींना खरं कापड नेसवतात," मी म्हटलं. "धोतर, शेला. साटिनचं असतं. पॉलिएस्टर."

चमचा थांबला. मी नोकरीत आपण होऊन बोललेलं ते पहिलं वाक्य. साहेबांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला आणि म्हणाले, "इतके दिवस काय करत होतीस?"

हमरापूरच्या ताई या आमच्या पेणच्या माणसांना माहीत असलेल्या बाई. त्यांच्या शेडमध्ये मूर्ती इतर शेडसारख्याच होत, पण धोतर नेसवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. निऱ्या अशा बसवत की बाप्पा आत्ताच पाटावरून उठणार असं वाटे. त्यांची अडचण रंगाची होती. पितांबराचा त्यांना हवा तसा पिवळा बाजारात मिळत नव्हता. एक लिंबाकडे जाई, एक केशराकडे. पांढरं साटिन मात्र ढिगाने मिळत होतं.

साहेब कॅरिअरचा कॅन घेऊन एसटीत चढले. गडब गाव येईपर्यंत आमच्या आजूबाजूच्या सीटवरचे लोक उठून पुढे गेले आणि एक आजीबाई मागून उठून आमच्याजवळ आल्या.

शेडच्या मागे चुलीवर मोठं पातेलं चढवून साहेबांनी स्वतः रंग केला. पाणी, कॅरिअर, रंग सारखा पसरवणारं द्रव्य, मग रंग, मग साटिन. ताई बाजूला पदर नाकाला लावून उभ्या होत्या.

"सायेब, कापड रंगवताव का काढा करताव?"

"ढवळत राहा," साहेब म्हणाले. "उजवीकडून. आता डावीकडून."

"मूर्तीचा व्यवसाय हाय माझा, घड्याळाचा नाय." पण ढवळत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय गो, तू बोलत नायस, का बोलायला सायेबांचा हुकूम लागतो?"

"ती पॉलिएस्टर आहे," साहेबांनी उत्तर दिलं.

"आनि मी?"

साहेबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. नेहमी ते एका दमात सांगून टाकत. त्या दिवशी म्हणाले, "मिश्र धागा आहे. सांगता येत नाही."

कापड पातेल्यातून वर आलं तेव्हा ताईंनी पदर नाकावरून काढला. हवा होता तो पिवळा, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच. साहेब ते उजेडात धरून इतका वेळ उभे राहिले की मला हात दुखतील अशी काळजी वाटली. ताईंनी साऱ्या हंगामाचं कापड तसंच रंगवायचं ठरवलं. साहेबांनी कृती सांगितली: रंगवा, धुवा, सुकवा, नेसवा. येताना एसटीत ते म्हणाले, "पार्टी मिळाली." मग पेण येईपर्यंत हसू आलं की खिडकीकडे बघत.

चूक त्या कृतीत होती, आणि ती साहेबांच्या धंद्यातला माणूसच करू शकला असता. त्यांनी जन्मभर गिरण्यांसाठी कृती सांगितल्या. गिरणीत कापड सुकवायचं म्हणजे कडक तापलेल्या हवेतून काढायचं. त्यात पाणी जातंच, धाग्यात राहिलेलं कॅरिअरही उडून जातं. ते वेगळं सांगावं लागत नाही. हमरापूरला आषाढात सुकवायचं म्हणजे शेडमध्ये दोरीवर टाकायचं आणि देवावर हवाला ठेवायचा. पाहुणा आतच राहिला.

हमरापूरहून पहिला फोन शेठांना आला, आणि तो तक्रारीचा नव्हता. नेसवून ठेवलेल्या मूर्तींच्या मांड्यांवर आणि गुडघ्यांवर धोतराचा पिवळा उतरला होता. ताई आधी घाबरल्या. तेवढ्यात मुंबईची गिऱ्हाइकं आली, त्यांनी धोतराच्या काठाखाली तो मऊ पिवळा बघितला आणि विचारलं, "ही हळद लावलीय का? किती छान." एकाने फोटो काढून पुढे पाठवला. संध्याकाळपर्यंत 'हळदीचा गणपती' हे नाव पडलं होतं आणि शेजारच्या शेडवाले कॅरिअर कुठे मिळतं ते विचारत होते.

सोमवारी आम्ही गोल उभे राहिलो तेव्हा शेठ इतके उत्साही होते की त्यांनी आम्हाला विचारलंच नाही.

"साहेब, मानलं," ते म्हणाले. "सगळ्या शेड माल मागतायत. केटल राहिली. पुढच्या वर्षी दुसरी बसवू."

"तो दोष आहे," साहेब म्हणाले.

"दोष नाही, फीचर आहे."

साहेबांनी वाद घातला नाही. त्यांनी त्याच रंगाचा, त्याच कॅरिअरचा एक शर्ट रंगवला, दोरीवर टाकून हमरापूरसारखाच अर्धवट सुकवला आणि दिवसभर घातला. पावसाळी उकाडा होता. संध्याकाळी त्यांनी बाह्या दुमडल्या तेव्हा दंड, मान, मनगटं, सगळं पिवळं. मामा केटलवरून उतरून आले, साहेबांभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "मुहूर्त कवाचा काढलाव?" कॅन्टीनवाल्याने वाटीत तांदूळ आणून अक्षता म्हणून दोन दाणे टाकले. साहेब गंभीरपणे हात खिडकीपाशी धरून बघत होते. "काखेत जास्त, कोपराला कमी," ते म्हणाले. "सारखा नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईंकडून एक मूर्ती मागवली आणि लॅबच्या टेबलावर ठेवली. शेठांना बोलावलं. आधी मूर्तीला नमस्कार केला, मग निऱ्यांचं टोक धरून धोतर हलकेच सोडवलं. कापडाबरोबर रंगही आला. कॅरिअरने मूर्तीवरचा अंगाचा रंग मऊ करून ठेवला होता. गुडघ्यावर तळहाताएवढा पांढरा प्लास्टरचा तुकडा उघडा पडला.

शेठांनी धोतराचं टोक पुन्हा गुडघ्यावर टाकून बघितलं. मग म्हणाले, "पण साहेब, धोतर सोडून बघणार कोण?"

"कोणाच्या घरी निरी नीट करायला हात लागला तर? प्राणप्रतिष्ठा झाल्यावर?"

"दीड दिवसाचे, पाच दिवसांचे गणपती. तेवढं टिकलं की झालं."

"मी दोष विकत नाही."

"मग केटलही राहत नाही. विचार करा. आज रात्री विचार करा, उद्या सांगा."

साहेब म्हणाले, "उद्यापर्यंत आणखी मूर्ती नेसवून होतील." मला पिशवी घ्यायला सांगितली. वाटेत रोह्याच्या बाजारात थांबून त्यांनी एक जड इस्त्री विकत घेतली.

ताईंना आम्ही मूर्ती परत दिली आणि गुडघा दाखवला. त्या पांढऱ्या जागेवर त्यांनी तळवा ठेवला, जशी एखाद्याची जखम झाकतात तशी, आणि तो हात कपाळाला लावला. मग साहेबांवर उलटल्या.

"हळदीच्या म्हनून घेतल्याव लोकांनी. नावं लावून ठेवल्याव. आता त्यांना काय सांगू? सायेब आले आनि हळद घेऊन गेले?"

"माझं नाव सांगा."

"तुमचं नाव कोनाला ठाव हाय? तुमाला लोक बाम म्हनतात."

"तेच सांगा," साहेब म्हणाले. "बामने चूक केली."

ताईंनी पदर खोचला. मग शेडमधल्या बायकांना हाक मारली, "धोतरं उतरवा गो सगळी. हलक्या हातानं."

आणि साहेबांनी इस्त्री तापवली. एकेक पितांबर पाण्याचा हबका मारून, उलटसुलट करून ते इस्त्री करत, मी घड्या घेत असे. प्रत्येक फटक्याला धाग्यातलं कॅरिअर वाफेबरोबर बाहेर येई. शेड बामच्या वासाने इतकी भरली की बाहेर रस्त्यावरचे लोक डोकावून जात. रंगाला बसलेली एक बाई खांदा गोल फिरवून म्हणाली, "ताई, माझा हात मोकला झाला गो." दुसरी म्हणाली, "कंबरेवरनं पन फिरवा सायेब जरा." साहेबांनी वर बघितलं नाही. ते वास घेऊन बघत होते. कापडाला वास उरला की पुन्हा इस्त्री. वास गेला की माझ्याकडे. आपल्या हाताने ते आपली केटल मोडत होते आणि त्या कामात कुठे सुरकुती राहू देत नव्हते. दुखावलेल्या मूर्तींना ताईंनी पुन्हा रंग दिला. काही गिऱ्हाइकं हळद नाही म्हणून रागावून दुसऱ्या शेडला गेली. ताईंनी त्यांना नाव सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

गणपतीनंतर केटल घासली. मामा सांगत, तीनदा घासली तरी मोगऱ्याच्या पहिल्या मालाला बामचा वास आला. शेठांनी तो 'आरोग्यदायी मोगरा' म्हणून विकला. साहेबांना त्यांनी सल्लागार केलं, म्हणजे खुर्ची दिली आणि खिडकी काढून घेतली. दिवाळीच्या आधी साहेब स्वतःच यायचे थांबले.

पुढच्या वर्षी आषाढात त्यांचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलण्याची आम्हा दोघांनाही सवय नव्हती. ते म्हणाले, "हमरापूरला जाऊ. बघायचं आहे."

एसटी स्टँडवर मी त्यांना पटकन ओळखलं नाही. वास नव्हता. अंगात पांढरा शर्ट होता, बाजारातून आणलेला, तसाच कोरा. मी शर्टाकडे बघितलं ते त्यांना दिसलं. "आता कशात रंगवणार?" ते म्हणाले.

ताईंच्या शेडमध्ये यंदा सुरतेहून तयार रंगवलेलं साटिन आलं होतं. पिवळा त्यांना हवा तसा नव्हता, पण चालत होता. आणि खाली बसून ताई एका वाटीत कालवलेली साधी स्वयंपाकाची हळद बाप्पांच्या गुडघ्यांना आणि पावलांना हाताने लावत होत्या. गिऱ्हाइकं यंदाही हळदीचाच गणपती मागत होती.

"या सायेब," त्या म्हणाल्या. "तुमच्या बामबिगर चाललंय बघा आमचं."

साहेब वाकून एका मूर्तीच्या गुडघ्याशी गेले. चष्मा वर केला, मान तिरकी करून उजेड घेतला. बराच वेळ गेला.

"सारखी लागते का?" त्यांनी विचारलं.

"हातानं लावलेली हळद कधी सारखी लागते व्हय? कुठं जास्ती, कुठं कमी. लग्नात बघितलाव नाय का?"

"लग्नात मी कोट बघतो."

ताई हसल्या. साहेब अजून वाकले, पुढच्या मूर्तीकडे सरकले, मग त्याच्या पुढच्या. त्यांची सावली वाटीवर पडली. "सरा हो बाजूला, उजेड अडवलाव," म्हणत ताईंनी त्यांना दंडाला धरून हलवलं, आणि हात काढला तेव्हा पांढऱ्या बाहीवर हळदीचा अख्खा पंजा उठला होता. अंगठा गडद, करंगळी जेमतेम.

"अगो बाई," ताई म्हणाल्या. "द्या, धुवून देते."

"नको," साहेब म्हणाले.

त्यांनी तो दंड खिडकीकडे वळवून बघितला. मी वाट बघत होते की ते आता काय म्हणतील, कुठे कमी, कुठे जास्त. त्यांनी दंड जपून खाली घेतला, इतकंच. परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते आणि मी कडेला, हळदीची बाही खिडकीच्या बाजूला. गडब मागे पडल्यावर ढग जरा फाटले आणि खिडकीतून ऊन आत आलं. त्यांनी मला उठायला सांगितलं आणि आमच्या जागा बदलल्या, तशी ती बाही खिडकीपासून लांब गेली.

"शनिवारपर्यंत घालायला हवा," ते म्हणाले. "हळद उन्हात उडते."

मी मान हलवली.

"सावलीत वाळत घालीन," ते म्हणाले.